सपाट माथ्याचे डोंगर

सकाळचे सव्वासहा. चंद्रपूरच्या परकोटाच्या बगड खिडकीपाशी पंधरा-वीस माणसं जमली आहेत. कॉलेजातली चार पोरं, बँकेतून निवृत्त झालेले दोघं, सायकल टेकवून उभी असलेली एक शिक्षिका आणि पुण्याहून आलेलं एक जोडपं. त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा गळ्यात दुर्बीण अडकवून आला आहे. दुर्बीण ताडोबासाठी आहे. जिप्सी दुपारच्या फेरीची मिळाली, मग सकाळ कशी घालवायची म्हणून हॉटेलवाल्यानं त्यांना इकडे पिटाळलं.

माझ्यासोबत मामा आहेत. हातात वेळूची काठी, काठीच्या टोकाला लोखंडी शेंबी. चांद्यात चाळीस वर्षं काढून ते परकोटावर कधी चढलेले नाहीत. (ते अजून चांदाच म्हणतात. चंद्रपूर हे बसच्या पाटीवरचं नाव.) काल रात्री म्हणाले, "भिंतच तं आहे बाई, तिच्यावर काय पाहाचं?" तरी साडेपाचला आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून तयार होते. पहिल्या पाळीची सवय.

पायऱ्या उंच आहेत आणि झिजलेल्या आहेत. वर आलं की भिंत चांगली रुंद लागते, दोन माणसं गप्पा मारत चालतील एवढी. २०१७ पर्यंत इथं उभं राहायला जागा नव्हती. भिंतीवर झाडं, बुरुजांत झुडपं, पायथ्याशी गावाचा कचरा. इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी त्या मार्चपासून कुऱ्हाडी-घमेली घेऊन रोज सकाळी साफ करायला घेतलं आणि शेकडो दिवस करत राहिले. आता रविवारी माणसं वर चालायला येतात. पुढं चालणारा कार्यकर्ता तिशीतला आहे. आवाज खणखणीत, आणि गोष्ट कुठं थांबवायची हे त्याला ठाऊक आहे.

तो खांडक्या बल्लाळशाहची गोष्ट सांगतो. राजाच्या अंगावर खांडकं, म्हणून नाव खांडक्या. शिकारीत तहान लागली, झरपटच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी सापडलं, ते प्यायला, तोंड धुतलं आणि अंग बरं झालं. तिथं अंचलेश्वर सापडला. मग कधीतरी एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागं लागला. कुत्रा पुढं, ससा मागं, ससा वाटोळा पळत राहिला. राणी म्हणाली, ज्या जागी ससा कुत्र्याला पळवतो ती जागा साधी नाही, सशाच्या पावलांवरून कोट बांधा. बल्लारपूरची राजधानी इथं आली. कोट पुरा व्हायला पुढच्या पिढ्या लागल्या. सात-साडेसात मैलांचा घेर, चार दरवाजे, पाच खिडक्या. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे दरवाजे. खिडक्यांची नावं मुलाला भारी आवडतात. चोर खिडकी आणि मसण खिडकी तो दोनदा म्हणायला लावतो.

सगळे आत बघताहेत. आत कौलं, गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, एका गच्चीवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. मामा मात्र पाठ फिरवून बाहेर बघताहेत.

बाहेर धुकं आणि धूर यांचं मिश्रण आहे, आणि त्यातून डोंगर दिसतात. ओळीनं, माथ्यावर सुरीनं कापल्यासारखे सपाट. उतारावर टप्पे टप्पे. ऊन तिरकं पडल्यामुळं प्रत्येक टप्प्याची सावली वेगळी उमटली आहे, आणि खरंच, सह्याद्रीतला एखादा गड वाटावा असं दृश्य आहे. मुलगा दुर्बीण तिकडे वळवतो.

"बाबा, तो कोणता किल्ला?"

वडील कार्यकर्त्याकडं बघतात. कार्यकर्ता हसतो. उत्तर मामा देतात, "तो आमचा किल्ला होय, बाळा."

"तुम्ही बांधला?"

"मी नाही. ओपनकास्टवाल्यांनी. आम्ही अंडरग्राउंडवाले, आम्ही वर काही नाही बांधलं. त्याला ओबी म्हणतेत."

ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, पण हा लांबडा शब्द इथं कुणी उच्चारत नाही. कोळशावरची माती, मुरूम, खडक. खाण उघडी करायची तर आधी हे सगळं उचलून कुठंतरी टाकावं लागतं. टाकलं की ढिगारा होतो, ढिगाऱ्यावर डंपर चढून पुढचं टाकतात, टप्पा पडतो, मग त्यावर दुसरा टप्पा. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, त्यावर झाडं लावते. पाच-दहा वर्षांत सुबाभूळ उगवून हिरवं दिसू लागतं, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तो डोंगर वाटतो. या गावाच्या आसपास लहान मुलानं चित्रात काढावे असे जे डोंगर दिसतात, त्यांतले बरेचसे माझ्याहून वयानं लहान आहेत.

चालता चालता मामा थांबतात आणि काठीची शेंबी भिंतीच्या एका दगडावर आपटतात. टण्ण. पुढं दोन पावलांवर पुन्हा. टण्ण. तिसऱ्या जागी आवाज बसका येतो, भद्द. मामा तिथून पाऊल मागं घेतात.

"काका, ही पुरातत्त्वची भिंत आहे," कार्यकर्ता मागं वळून म्हणतो, जरा ओशाळूनच.

"हाव बापू, माफ कर. सवय हाय." मग माझ्याकडं वळून हळूच, "हा खालून सुटला हाय. सांगून ठेव त्याला."

खाणीत शिफ्ट सुरू झाली की पहिलं काम हेच. छत ठोकायचं. लोखंडी सळईनं वर ठोकलं आणि टण्ण वाजलं तर छतात जीव आहे. भद्द वाजलं तर वरचा थर सुटलाय, आधी तो पाडायचा किंवा टेकू द्यायचा, मगच माणसानं खाली उभं राहायचं. मामा १९८१ ला टब भरायला लागले आणि ओव्हरमन होऊन बाहेर पडले. एवढ्या वर्षांत त्यांनी किती वेळा छत ठोकलं असेल त्याचा हिशेब नाही. घरी कलिंगड घेतानाही त्यांचं बोट त्याच पद्धतीनं पडतं, आणि कलिंगड कधी चुकत नाही.

भिंतीचा दगड पिवळट, मधेच तांबूस. हात फिरवला की बोटांना बारीक वाळू लागते. मामा नखानं खरवडतात. "हा आपला कामठीचा दगड. कोळशाच्या वर हाच बसते. तिकडे सुरुंग लावून फेकते, इकडे राजानं तासून लावला." भूगर्भवाले कामठी थर म्हणतात तो हा वालुकाश्म. मी समोरच्या ओबीकडं बघते, पायाखालच्या भिंतीकडं बघते. रंग तोच.

या दगडाखालचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे आणि त्या सगळ्या थरांना जगभर नाव आहे ते गोंडवाना. १८७०च्या दशकात भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या मेडलिकॉटनं हे नाव गोंडांच्या मुलखावरून दिलं. पुढं १८८५ मध्ये झ्यूस नावाच्या ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञानं दक्षिण गोलार्धातल्या एकेकाळच्या सलग भूमीला गोंडवानालँड म्हटलं. आज ब्राझीलमधला किंवा ऑस्ट्रेलियातला भूगोलाचा विद्यार्थी परीक्षेत हे नाव लिहितो. ज्यांच्यावरून ते पडलं त्यांच्या राजाच्या कोटावर आम्ही वीसजण उभे आहोत. कार्यकर्ता हे सांगत नाही. सांगायला हवं असं मला वाटतं, पण त्याला आठच्या आत अंचलेश्वर दरवाजा गाठायचा आहे.

दरवाज्यावर हत्तीला दाबून उभा असलेला सिंह आहे, गोंडांचं राजचिन्ह. शेजारी गोंड राजांच्या समाध्या. त्यांतली बीरशाहची मोठी, राणी हिराईनं बांधलेली. नवऱ्याची इतकी देखणी समाधी बांधणारी राणी आपल्याकडं शाळेच्या पुस्तकात का नाही, असं शिक्षिका विचारते. कुणाकडंच उत्तर नाही. फोटो निघतात. सहल संपते.

तर्री-पोह्याच्या गाडीवर रविवारची गर्दी आहे. वर चणे, लाल तर्री, कच्चा कांदा. पुण्याचा मुलगा पहिल्या घासालाच हा हू करतो आणि तरी बशी सोडत नाही. त्याचे वडील मामांना विचारतात, "खाण आतून बघता येते का हो? म्हणजे तिकीट काढून?"

"सावनेरले येते," मामा सांगतात. नागपूरजवळच्या सावनेरला वेकोलि आणि एमटीडीसीनं २०१६ साली खाणीची सहल सुरू केली. हेल्मेट, टोपीवरचा दिवा, बूट, आणि खाली. "इथं नाही. इथं कोण येते कोळसा पाहाले? इथं वाघ पाहाले येतेत."

हे खरं आहे आणि त्यात एक गंमत आहे. कोळशाचं गाव म्हणून या जिल्ह्याचं वय कमी नाही. वरोऱ्याला सरकारी खाण १८७०च्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्यापासून रेल्वे टाकली गेली, आणि १९०६ मध्ये ती बंदही पडली. बंद पडलेली खाण जिथं शंभर वर्षांहून जुनी आहे, तिथं एखादा तरी फलक, एखादं तरी छोटं संग्रहालय असावं अशी अपेक्षा करायला हरकत नाही. वरोऱ्याला लोक जातात ते आनंदवनासाठी.

पोहे संपेपर्यंत मी पुणेकरांना टाटांची गोष्ट ऐकवते, कारण कुणाला तरी ऐकवायचीच असते. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला लोखंडाची टेकडी आहे, वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. पोलादाचा कारखाना इथंच व्हायचा. वरोऱ्याचा कोळसा तपासून पाहिला, लोखंड वितळवायच्या कामाचा निघाला नाही. वीस वर्षांनी त्यांचा मुलगा दोराबजी पुन्हा आले, पुन्हा जमेना. माघार घेतोय हे कळवायला ते नागपूरच्या सचिवालयात गेले आणि साहेब भेटेपर्यंत समोरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, शिरले. तिथं भिंतीवर भूगर्भाचा नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण होती. पोलाद पूर्वेला गेलं. साकचीचं जमशेदपूर झालं.

"म्हणजे थोडक्यात वाचलात," पुणेकर बाई म्हणतात.

"वाचलो का हुकलो, कोण सांगते जी," मामा बशी कचऱ्याच्या डब्यात टाकतात. "आता तिकडे सुरजागडले चालू हाय ना."

गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरावर २०१६ पासून लोहखनिज काढणं सुरू झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली कित्येक वाहनं जाळली. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, वाढलं. मागच्या महिन्यात मी आलापल्लीच्या रस्त्यानं आले तेव्हा कडेची सागाची पानं तांबडी होती, सुकलेली नाही, धुळीनं रंगलेली. त्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. माडिया माणसं जानेवारीत त्याच्या जत्रेला येतात, अजूनही. डोंगर हाच देव असेल तर त्याचा उतारा कसा काढायचा, हा प्रश्न तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारला होता. उतारा म्हणजे सातबाराचा.

मामांना मी हे सांगते. ते बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "म्हणजे देवाचा डोंगर तिकडे खाली होऊन राहिला आणि बिनदेवाचा इकडे वर." आणि लगेच, "रिक्षा पाय. लालपेठले जाऊ."

लालपेठ-बाबूपेठच्या बाजूला एका मोकळ्या आवारात दगडी देव पडलेले आहेत. रायप्पा नावाच्या कोमट्याला भव्य शिवमंदिर बांधायचं होतं. मूर्ती घडवून घेतल्या आणि मंदिर उभं राहायच्या आतच तो गेला, असं सांगतात. मूर्ती जिथं होत्या तिथंच राहिल्या. नंदी, गणपती, मारुती, कूर्म, आणि आकाशाकडं तोंड करून पडलेली दहा तोंडांची दुर्गा, पंचवीस फुटांच्या आसपास लांब. आसपासची मुलं तिला रावण म्हणतात. दहा तोंडं म्हणजे रावण, दुसरं कोण असणार! आम्ही जातो तेव्हा आवारात आमच्याखेरीज दोन बकऱ्या आहेत. एक दुर्गेच्या सावलीला बसली आहे, रवंथ करत.

मी वाकून तिच्या बोटांतल्या अंगठ्या मोजते. छिन्नीचे घाव काही ठिकाणी अजून खरबरीत आहेत. कारागीर जेवायला गेला आणि परत आलाच नाही, तसं. मामा मूर्तीच्या पायाशी काठी आपटायला हात उचलतात, थबकतात, काठी बगलेत धरून हात जोडतात.

"हिले नाही ठोकाचं," ते म्हणतात.

इथून कॉलरी जवळच आहे. मामा ज्या खाणीत होते तिचं एक तोंड बंद झालंय. विटांची भिंत, तिच्यावर चुन्यानं लिहिलेला धोक्याचा इशारा अर्धा उडालेला, भोवती रुईची झाडं. भिंतीच्या फटीतून थंड, ओलसर वारा येतो. मी फटीला गाल लावते. बाहेर ऊन चांगलंच तापलंय आणि गालावर मात्र फ्रिज उघडल्यासारखं. मामा तिथं उभे राहत नाहीत. पाच पावलं लांब, रस्त्याच्या कडेला उभे राहून ते मला खालचा नकाशा सांगतात, हवेत काठीनं रेघा ओढत. इथून उतरण. इथं हाजिरी. इथून गल्ली डावीकडं. प्रत्येक गल्लीच्या मधे कोळशाचा खांब सोडलेला. कोळसा काढायचा, पण सगळा नाही, खांब सोडायचे, कारण वर गाव आहे. नंतर खांबही काढायचे असले तर पोकळीत वाळू भरायची.

"आणि नाही भरली तर?"

ते घुग्घुसचं नाव घेतात, एवढंच. २०२२ च्या ऑगस्टात घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत साठ-सत्तर फूट खाली गेलं. खाली जुनी खाण होती. घरातली माणसं आवाज ऐकून बाहेर पळाली म्हणून वाचली. मी तेव्हा बातमीतला फोटो पाहिला होता, विहिरीसारखा खड्डा आणि काठावर लटकलेली नळाची तोटी.

दुपारी पुणेकर पुन्हा भेटतात. मोहर्लीचा रस्ता एकच आहे आणि तो सगळ्यांना एकाच चहाच्या टपरीवर आणतो. मामांना त्यांच्या जुन्या सोबत्याकडं ऊर्जानगरला जायचं होतं, तिथून आम्ही दुर्गापूर ओलांडून इथवर आलो आहोत. मागं महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, २,९२० मेगावॉटच्या. अलीकडं खाण, पलीकडं जंगल. रस्त्यावर डंपर, कोळशाचे ट्रक आणि त्यांच्यामधून तोंडाला रुमाल बांधलेल्या पर्यटकांच्या गाड्या. ताडोबा बघायचा तर हे दहा-बारा मिनिटं सोसावं लागतं. बहुतेकजण काचा वर करतात.

मुलगा दुर्बिणीनं ओबीचा उतार तपासतोय. पळस फुलला आहे, ढिगाऱ्याच्या पायथ्याशीही.

"इथं वाघ असतो?" तो विचारतो.

टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणतो, "असते ना. तिकीट काढून तिकडे दिसते, बिनतिकिटाचा इकडे." आजूबाजूचे हसतात. मुलाचे वडील हसत नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत याच पट्ट्यात वीज केंद्रातला एक कामगार वाघानं आणि दुर्गापुरातला एक शाळकरी मुलगा बिबट्यानं मारला, लागोपाठच्या दिवसांत. ओबीवरची सुबाभूळ आणि रानतुळस लपायला चांगली. २००९ मध्ये इथून जवळ, लोहाऱ्याच्या जंगलात आणखी एक कोळसा खाण येणार होती. बंडू धोतरे चौदा दिवस उपोषणाला बसले, आंदोलन झालं आणि ती खाण बारगळली. आली असती तर हा रस्ता आणखी लांबपर्यंत असाच असता. इको-प्रोचे तेच धोतरे, ज्यांच्या पोरांनी परकोट साफ केला.

भोंगा वाजतो. लांब, मग थांबून पुन्हा.

"रविवारी पण?" मी विचारते.

"संडे ड्यूटी. डबल पगार राहते," मामा म्हणतात. "रविवारची वाट पाहत राहाचे पोट्टे." ते ग्लास टेबलावरून उचलून हातात धरतात. मला कळत नाही का.

मग जमीन एकदा हलते. आवाज नंतर येतो, कापडाचा तागा झटकावा तसा जाड. टपरीच्या पत्र्यावरून चिमण्या उडतात. टेबलावर राहिलेल्या माझ्या ग्लासातला चहा काठापर्यंत जाऊन परत येतो. मुलगा आईच्या कुशीत. ढिगाऱ्यामागून पिवळट तांबूस ढग वर येतो, सकाळच्या भिंतीच्या रंगाचा, आणि सावकाश रस्त्याकडं सरकू लागतो.

जिप्सीचा ड्रायव्हर हॉर्न देतो. पुणेकर घाईनं चढतात, रुमाल वर ओढतात. मुलगा मागच्या सीटवर उभा राहून दुर्बीण आमच्याकडं रोखतो, हात हलवतो.

"बेंच पडला," मामा म्हणतात, आणि उरलेला चहा एका घोटात संपवतात. "चल बाई. धूळ बसाच्या आत निघू."